बिशपच्या जिभेवरचा नकाशा

आमच्या गावचा कारभार एका मेलेल्या कुत्र्याच्या अंगावर चालतो, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मैदानाचा नकाशा हरवला नसता, नगरपरिषदेत माझी शोभा झाली नसती, आणि आज आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर जे टांगलेलं आहे ते टांगलेलं नसतं. पण मरिन्डलच्या लोकांची रीतच अशी, की माणूस खड्ड्यात पडेपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. पडला की सगळे काठाशी जमून म्हणतात, "अरे, इथे खड्डा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे!"

मरिन्डल शेतकी प्रदर्शनाचा दप्तरप्रमुख मी लोकाग्रहास्तव झालो असं स्थानिक पत्रकात छापून आलं. लोकाग्रह म्हणजे काय, तर वार्षिक सभेतून मी पाच मिनिटं लघवीला गेलो होतो. परत आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. आमच्याकडे निवडणूक अशीच होते. जो खोलीत नसतो तो निवडून येतो. आमचा अध्यक्ष हर्ब पेंगेली चौदा वर्षं अध्यक्ष आहे, कारण चौदा वर्षांपूर्वी तो गाडीचे दिवे बंद करायला बाहेर गेला होता.

"अभिनंदन, लिंडन," हर्ब म्हणाला. "काही काम नसतं. कॉम्प्युटरवर नुसती धूळ बसू द्यायची नाही."

आता मी सव्वीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेली. मला 'नुसती धूळ' सांगणं म्हणजे सुताराला नुसता लाकडाचा वास घे म्हणण्यासारखं आहे. मी दुसऱ्याच दिवशी केकच्या दालनामागची पत्र्याची खोली उघडली आणि यंत्र सुरू केलं. ते सुरू होईपर्यंत मी चहा केला, प्यायलो, आणि कप धुऊन पालथा घातला.

पडद्यावर बिशप उगवला. बिशप हा आमच्या आधीच्या अध्यक्षांचा, मेंढ्या हाकणारा तांबडा कुत्रा. मालक आणि कुत्रा एकाच वर्षी गेले, आणि गावाने फोटो कुत्र्याचा लावला. ट्रकच्या फळीवर बसलाय, कान ताठ, जीभ वीतभर बाहेर. आणि त्याच्या सबंध अंगावर, नाकापासून शेपटीपर्यंत, गोचिडांसारख्या चिकटलेल्या दोनशे फाइली. शिवाय कोपऱ्यात 'जुनं' नावाचा एक फोल्डर होता. त्याच्या पोटात 'आणखी जुनं', त्याच्या पोटात 'उघडू नये'. ते मी अर्थातच उघडलं. एकूण बेरीज चार हजार तीनशे सोळा.

आणि फाइलींची नावं! 'नवीन'. 'नवीन २'. 'हेच खरं'. 'हे नाही'. 'खरंच हेच खरं'. 'केक, पावसाच्या वर्षीचे'. आणि 'मर्लला विचारा', 'मर्लला विचारा २' असं करत करत थेट 'मर्लला विचारा ३१' पर्यंत. मर्ल ॲशबी या आमच्या माजी चिटणीस. चाळीस वर्षं त्यांनी सगळं पाहिलं, आता शहाऐंशीच्या आहेत आणि वृद्धाश्रमात असतात. फाइली कधीच्या ते तारखेवरून कळावं, तर यंत्राच्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेलेली. ते रोज सकाळी एक जानेवारीलाच जागं होतं. शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी धरतात, तसा आमच्या सगळ्या फाइलींचा वाढदिवस एकच.

मी बाह्या सरसावल्या.

सल्ले मिळाले नाहीत असं नाही. आमचा शेजारी क्लेम मुलहोलंड कोंबड्या-बदकांचा विभाग बघतो. विधुर आहे, त्यामुळे त्याला कुंपणाशी उभं राहायला भरपूर वेळ असतो. तो अंड्यांची टोपली कुंपणावर ठेवून म्हणाला, "ते यंत्र चालतंय ना?"

"चालतंय, पण…"

"मग हात लावू नकोस. आणि लावलासच, तर शेपटी तेवढी सोड."

शेपटी म्हणजे कोंबड्यांची, असं मी धरलं. दोन दिवसांनी केक विभागाची नोला ट्रेगेन्झा रस्त्यात भेटली. "लिंडन, बाकी काय वाटेल ते कर," ती बोट नाचवत म्हणाली, "पण माझ्या नाकाला हात लावू नकोस." नोलाचं वय चौसष्ट. मी सभ्य माणूस आहे. तिच्या नाकाला हात लावायचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, आणि शिवला असता तर मी तो कमिटीपुढे मांडला असता. मी टोपी उचलून पुढे गेलो. आता याला आधी सांगणं म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

तीन आठवडे मी रोज सकाळी नऊ ते एक काम केलं. ग्रंथालयाच्या क्रमाने फोल्डर केले. मेंढ्या ६३६.३, कोंबड्या ६३६.५, केक ६४१.८. नाव वाचायचं, फाइल जागच्या जागी लावायची. ज्यांच्या नावातच 'नको', 'जुनं', 'हे नाही' असं होतं त्या, आणि एकतीसच्या एकतीस 'मर्लला विचारा', अशा एकोणीसशे फाइली मी 'रद्दी' नावाच्या फोल्डरात टाकल्या. बिशपलाही सेवानिवृत्त केलं. त्याच्या जागी शांत, करड्या रंगाचा पडदा आला, आणि त्यावर एका ओळीत नऊ फोल्डर, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहिल्यासारखे. शेवटी बेचाळीस पानांची 'संग्रहाची मार्गदर्शिका' लिहिली. शेवटच्या पानावर सूची दिली. सूचीची सूचीही दिली.

रद्दी मी तेव्हाच कायमची पुसणार होतो. पण मनात आलं, इतकं मोठं काम, थोडा सोहळा नको? शनिवारी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, मेंढ्यांच्या मिरवणुकीच्या आधी, हर्बने ध्वनिक्षेपकासमोर ते बटण दाबावं, असं मी कमिटीला लेखी सुचवलं. उत्तर आलं नाही. आमच्याकडे उत्तर न येणं म्हणजे मंजुरी.

इथे मला माझ्या पत्नीबद्दल सांगायला हवं, कारण या प्रकरणात खरं पणाला लागलं ते तिचं. ग्वेनिथ गेली अकरा वर्षं फ्रूट केकमध्ये दुसरी येते. पहिली येते नोला. अकरा वर्षं! दुसऱ्या क्रमांकाची अकरा निळी कार्डं ग्वेनिथने एका खोक्यात ठेवली आहेत, आणि त्या खोक्याबद्दल आमच्या घरात बोलायचं नसतं. पण या वर्षी नोला विभागाची प्रमुख झाली, आणि प्रमुखाला स्वतःच्या विभागात भाग घेता येत नाही. ही बातमी आली त्या संध्याकाळी ग्वेनिथने भांडी लवकर आवरली. मग स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक उघडून बेदाणे किती भागांत कापायचे ते पुन्हा वाचत बसली.

नियमच तसे आहेत. मोठी मनुका तीन भागांत कापायची, चेरी सहांत, बदाम चारांत आणि आडवा. केकच्या वरच्या बाजूला भेग नको, आणि तळाला जाळीची खूण तर अजिबात नको. गार करायला लोखंडी जाळीवर ठेवलेला केक परीक्षक उलटा करून बघतात आणि खूण दिसली की मान हलवतात. म्हणून ग्वेनिथने डिसेंबरात केक भाजला तो सपाट फळीवर निववला, ब्रँडी पाजली, कागदात गुंडाळला, वर कधी न वापरलेलं एक फडकं घट्ट बांधलं, आणि गाठ मारताना मधे दाबून धरायला माझं बोट घेतलं. तीन महिने तो डबा कपाटाच्या वर होता. रोज संध्याकाळी ती डबा कानाशी धरून हळूच हलवायची. आवाज आला नाही, की मग आम्ही जेवायला बसायचो.

सोमवारी सकाळी नोला खोलीत आली आणि किंचाळली.

"माझं नाक कुठाय?"

मी म्हणालो, "नोला, ते जिथे असतं तिथेच…"

"बिशपचं नाक रे! नाकावर केकच्या स्पर्धकांची यादी असते. गेली बारा-तेरा वर्षं नाकावर आहे!"

तेवढ्यात क्लेम आला. करड्या पडद्याकडे बघून त्याने टोपी काढली, मयताला काढतात तशी. "शेपटी सोड म्हणालो होतो, लिंडन."

तेव्हा मला उलगडलं. या गावात कोणीही, कधीही, फाइलीचं नाव वाचलेलं नाही. जॅम उजव्या कानावर. लोकर पुढच्या पायाशी. विम्याचे कागद गळपट्ट्यावर. लहान मुलांचे घोडे पाठीवर, हे निदान समजण्यासारखं. मी म्हणालो, "ठीक आहे, पण फाइली कुठेही गेलेल्या नाहीत. नावाप्रमाणे शोधा." आणि माझी व्यवस्था किती सोपी आहे हे दाखवायला मी नोलाची 'केक स्पर्धक' ही फाइल उघडली.

आत क्लेमची बदकं होती.

'बदकं' उघडली. आत लाकूडतोड स्पर्धेची वेळापत्रकं. 'उजवा कान जॅम' नावाची एक फाइल होती, तिच्यात मर्ल ॲशबींचं राजीनाम्याचं पत्र निघालं, अत्यंत कडक भाषेत, कधीही न दिलेलं.

"यात कसलं आश्चर्य?" नोला म्हणाली. "नवीन फाइल कोण करत बसतो? जुनी उघडायची, आतलं पुसायचं, आपलं लिहायचं, ठेवून द्यायची."

"आणि नाव?"

"नावाचं काय? ते पहिल्याचं असतं ना."

इतकी वर्षं. एक संपूर्ण गाव. मी खुर्चीवर बसलो. सव्वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की पुस्तकाच्या नावावर जाऊ नका, उघडून बघा. आणि चार हजार तीनशे सोळा फाइली मी एकही न उघडता लावल्या होत्या. पण मला सांगा, आयुष्यभर नावं लिहिणाऱ्या माणसाने नावावर विश्वास ठेवला, यात त्याचा गुन्हा काय?

ही वेळ तशी निभावली असती. याद्या हाताने पुन्हा करता आल्या असत्या. पण अकरा वाजता नगरपरिषदेतून फोन आला.

परवाने बघणारी टॅम्सिन रोच ही माझ्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. मी लगेच गेलो. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "सर, अर्जाला मैदानाचा नकाशा जोडलेला नाही. जमिनीखालच्या वीजतारा, पाण्याचे नळ, मलटाकी कुठे आहे, ते सगळं दाखवणारा. गुरुवारी चार वाजेपर्यंत द्या."

"टॅम्सिन, ते मैदान एकशे अठरा वर्षं तिथेच आहे."

"हो सर. पण जोडलेलं नाही."

"गेल्या वर्षी दिला होता की! तुझ्या त्या कपाटात असेल."

"आहे. पण तो गेल्या वर्षीच्या अर्जाला लावलेला आहे. ते प्रकरण बंद झालं. बंद प्रकरणातला कागद काढता येत नाही."

"छायाप्रत?"

"छायाप्रत काढायला आधी काढावा लागेल ना, सर."

मी म्हणालो, "आणि नाही दिला तर?"

"तर परवाना नाही. मग शनिवारी मैदानावर तंबूची खुंटी ठोकता येणार नाही." तिने पेन खाली ठेवलं. "सर, आठवतं? नववीला भूगोलाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मला तुमच्याकडचा नकाशांचा ग्रंथ हवा होता. माझ्या कार्डावर वडिलांची सही नव्हती. तुम्ही म्हणालात, टॅम्सिन, आज तुझ्यासाठी वाकवला तर तो नियम राहणार नाही."

मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं. आणि चांगलं होतं.

तो नकाशा गावच्या जुन्या मोजणीदाराने काढलेला. तोही आता हयात नाही. नवीन मोजणी करून घ्यायची तर तीन महिने. कागदावरची प्रत कुणाकडे नाही, कारण दर वर्षी यंत्रातून छापायचा आणि देऊन टाकायचा. म्हणजे गुरुवारी चारपर्यंत फाइल सापडली नाही तर प्रदर्शन रद्द. प्रदर्शन रद्द म्हणजे केक रद्द. पुढच्या वर्षी प्रमुखपद दुसऱ्या कुणाकडे, आणि नोला पुन्हा स्पर्धेत. घरी आलो तर ग्वेनिथ डबा कानाशी धरून उभी होती. "कसं चाललंय तुझं काम?" तिने विचारलं. मी म्हणालो, "अगदी व्यवस्थित."

'मैदानाचा नकाशा' नावाची फाइल होती, तिच्यात सॉसेज रोलची कृती होती. एक फाइल उघडायला ते यंत्र चार मिनिटं घ्यायचं. मंगळवारी दुपारपर्यंत मी एकसष्ट फाइली उघडल्या. त्यांत मर्ल ॲशबींची आणखी पाच राजीनामापत्रं, एका बोकडाविरुद्धची तक्रार आणि बोकडाच्या मालकाचं उत्तर मिळालं. उरलेल्या फाइलींचा मी हिशेब केला. रात्रंदिवस बसलो असतो तरी दीड आठवड्याच्या वर लागला असता. क्लेम दारात उभा होता. "हे सगळं ढगात टाकता येतं म्हणतात," तो म्हणाला. आमच्याकडे दोन वर्षं ढग आलेला नव्हता. मी पुढची फाइल उघडली.

शेवटी मी वृद्धाश्रमात गेलो. मर्ल खिडकीशी बसून दुसऱ्या एका बाईंना विणकाम कसं चुकलंय ते सांगत होत्या.

"मैदानाचा नकाशा?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "बिशपच्या जिभेवर. अगदी टोकाला."

"मर्ल, जीभ रिकामी आहे."

"रिकामी कशी असेल? मी सोडून आले तेव्हा भरलेली होती."

मी माझे बूट बघत उभा राहिलो.

"लिंडन," त्या सुई खाली ठेवत म्हणाल्या, "आवरलंस की काय तू?"

आवरणं हे क्रियापद इतक्या तुच्छतेने मी कधी ऐकलेलं नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एकतीस फाइलींवर माझं नाव होतं. तुला काही सुचलं नाही?"

"मी त्या रद्दीत टाकल्या."

"वा! नाव काय होतं त्या नकाशाच्या फाइलीचं, ते मला नाही ठाऊक. नावं बघायची कशाला? पण फडक्यावर बघ की."

फडकं! एकशे पंधराव्या प्रदर्शनाला कमिटीने भांडी पुसायची स्मरणिका-फडकी छापून घेतली होती. त्यांवर बिशपचा फोटो हवा होता. पण मूळ फोटो कुठल्या फाइलीत आहे ते कोणालाच सापडेना. तेव्हा हर्बने सरळ पडद्याचाच फोटो काढला आणि छपाईला पाठवला. तीनशे फडकी आली, अंगावर दोनशे फाइली चिकटलेल्या बिशपची, प्रत्येकीखाली बारीक नावासकट. चूक सगळ्यांना दिसली. फडकी सगळ्यांनी विकत घेतली. छापलेलं वाया कशाला घालवायचं?

बुधवारी सकाळपासून मी गावभर फडकी बघत हिंडलो. लोकांच्या ओट्यांवरून, दोरीवरून, एकाच्या गाडीच्या काचेवरून. छपाई स्वस्तातली, तीन वर्षांच्या धुण्यात उडालेली. नोलाच्या फडक्यावर एक कान उरला होता. क्लेमचं पिल्लांच्या खोक्यात अंथरलेलं होतं, त्याबद्दल न बोललेलं बरं. मर्लचं वृद्धाश्रमाच्या धोबीखान्याने उकळून पांढरं शुभ्र केलं होतं. हर्बच्या फडक्यावर नुसती जीभ शाबूत होती, आणि त्याने जिभेचं टोक कापून गळक्या नळाला बांधलं होतं.

"एकही कोरं फडकं उरलं नाही का रे या गावात?" मी हर्बला म्हणालो.

"तुझ्या बायकोनं घेतलं होतं ते तिनं कधी वापरलं नाही," हर्ब म्हणाला. "म्हणाली, असला कुत्रा मी माझ्या बशांना लावणार नाही."

माझं बोट दुखायला लागलं. डिसेंबरात गाठीत सापडलेलं तेच बोट.

बुधवारी दुपारी ग्वेनिथ हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या खेळाला जाते. ती गेली, आणि मी स्टुलावर चढलो. हे सगळं मी तिच्यासाठीच करत होतो, हे ध्यानात घ्या. तिला सांगितलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं, मग प्रदर्शन रद्द, मग तिचाच केक वाया. मी तिचं तिच्यापासून रक्षण करत होतो. गाठ सोडली, फडकं काढलं. आरशाइतका स्वच्छ बिशप बाहेर आला. डाव्या डोळ्यावर ब्रँडीचा डाग होता, पण जीभ कोरडी होती.

आता अडचण अशी, की फडकं काढल्यावर केक डब्यात खुळखुळायला लागला. संध्याकाळी ती डबा हलवणार. पण इतकी वर्षं पुस्तकं रचल्यावर माणसाला मोकळी जागा भरायची हातोटी येते. फडताळात एक गोल वस्तू सापडली, नेमकी डब्याच्या मापाची. ती तळाशी घातली, वर कागदासकट केक ठेवला, आणि तळहाताने दाबून घट्ट बसवला. हलवून पाहिला. चकार आवाज नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

खोलीत जाऊन भिंग लावून जिभेचं टोक वाचलं. 'स्पंज केक १९९९ – नको'.

'नको' म्हणजे रद्दी! मी रद्दी उघडली. एकोणीसशे फाइलींत ती होती, जिवंत, सोहळ्याची वाट बघत. मी जरा कमी मानाचा भुकेला असतो, तर ती केव्हाच कायमची गेली असती. ज्या गर्वाबद्दल ग्वेनिथ मला टोमणे मारते त्याच गर्वाने गाव वाचलं. याची नोंद कोणी घेतली नाही, म्हणून मी इथे घेतो आहे.

छापायच्या यंत्राने कागद दोनदा खाल्ला. गुरुवारी साडेतीनला मी टॅम्सिनसमोर नकाशा ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला, शिक्का मारला, आणि म्हणाली, "सर, वेळेवर आणलात. शाबास." पुस्तक वेळेवर परत आलं की हे मी तिच्या कार्डावर लिहायचो, त्याच सुरात. मी घरी धावलो. ग्वेनिथ बागेत होती. केक फडक्यात पूर्वीसारखा बांधला, ती गोल वस्तू फडताळात परत ठेवली. संध्याकाळी ग्वेनिथने डबा हलवला, हसली, आणि आम्ही जेवलो.

शनिवारी एकशे अठरावं प्रदर्शन झालं. ऊन गच्चीवरून बादलीने ओतल्यासारखं, मेंढ्यांची मिरवणूक उलट्या दिशेने निघालेली, सगळं यथासांग. सोहळ्याचं हर्ब विसरला. दुपारी केकचं दालन उघडलं. ग्वेनिथने माझा हात धरला होता. लग्नानंतर तिने तो इतका घट्ट धरल्याचं मला आठवत नाही.

निळं कार्ड. दुसरा क्रमांक. खाली परीक्षकाच्या अक्षरात: 'चव, रंग, काप – उत्कृष्ट. तळाला जाळीच्या खुणा.'

पहिला क्रमांक क्लेम मुलहोलंड. तो आपला कार्डासमोर उभा राहून डोकं खाजवत होता. "अंडी फार झाली होती," तो ग्वेनिथला म्हणाला. "म्हटलं करून बघू. वाईट नको वाटून घेऊ हं."

"छे, छे. अभिनंदन, क्लेम," ग्वेनिथ म्हणाली. आणि माझा हात सोडला.

घरी आल्यावर तिने केक टेबलावर उलटा ठेवला, चष्मा लावला आणि तळावरच्या रेघा बोटाने मोजल्या. मग फडताळ उघडलं, गार करायची गोल लोखंडी जाळी काढली, आणि केकच्या तळाला लावली. रेघेला रेघ बसली.

"लिंडन," ती म्हणाली.

मी नकाशाचं सांगितलं, परवान्याचं सांगितलं, गाव वाचल्याचं सांगितलं. सगळं खरं होतं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मागितलं असतंस, तर मीच सोडून दिलं असतं रे ते फडकं. आणि केक फळीवर ठेवला असता."

मी जाळी धुतली, पुसली, आणि ओट्यावर पालथी घातली.

कमिटीने पुढच्या बैठकीत एकमताने ठरवलं की बिशपला परत आणायचं. दोन आठवडे मी ते ब्रँडी लागलेलं फडकं समोर धरून एकेक फाइल त्याच्या अंगावर जागच्या जागी लावली. नोला मागे उभी राहून "थोडं डावीकडे, नाकपुडीत," असं सांगत होती. माझ्या बेचाळीस पानी मार्गदर्शिकेलाही जागा दिली. कुठे, ते मी लिहिणार नाही. शेपटी वर असती तर दिसलं असतं. परवा मला तिच्यातलं एक वाक्य दुरुस्त करायचं होतं म्हणून उघडली. आत क्लेमची पुढच्या वर्षीची केकची कृती होती.

बारावं निळं कार्ड खोक्यात गेलं नाही. ग्वेनिथने ते ओट्याच्या वर भिंतीला लावलं आहे, आणि खाली खिळ्याला ती गोल जाळी टांगली आहे. चहाला येणारा प्रत्येक जण वर बघतो आणि विचारतो, "ग्वेनिथ, ही जाळी अशी का गं टांगलीस?"

ती कपात दूध ओतते, वर न बघता.

"लिंडनला विचारा."